सोबत : वरीलप्रमाणे

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. दिवाळी अंकाच्या कार्यालयात या दिवसांत बाहेर पाऊस असतो, आत पंख्याखाली उडू पाहणारी प्रुफं असतात आणि मेलमध्ये रोज पन्नास-साठ फायली येऊन पडतात. आमच्याकडे नव्यानं लागलेला मुलगा मेल उघडत होता, मी शेजारी प्रूफ वाचत होते. एका मेलला विषय नव्हता, आत मजकूर नव्हता, खाली नाव नव्हतं. फक्त एक फाइल होती, तिचं नाव मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपनं स्वतःच ठेवलेलं : ‘न्यू डॉक’, पुढे तारीख आणि वेळ. त्याच्या खालच्या मेलचा विषय होता ‘बिल बाकी’. आत इंग्रजीत एक ओळ, ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’, आणि एक फाइल. पोरानं पहिली उघडली. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची कविता निघाली, वहीच्या पानावर, वळणदार अक्षरात लिहिलेली. त्याच ओघात तो दुसरीवर क्लिक करणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

ती फाइल एचटीएमएल होती. कागदाचं नाही तर शाईचं बिल आजवर आम्हाला कुणी एचटीएमएलमध्ये पाठवलेलं नाही. अशी फाइल उघडली की ब्राउझरमध्ये आपल्या मेलसारखंच दिसणारं एक पान येतं आणि बिल बघण्यासाठी पासवर्ड टाका म्हणतं. नीट पाहिलं तर वरच्या पट्टीत कुठल्याही संकेतस्थळाचा पत्ता नसतो, आपल्याच कम्प्युटरमधल्या डाउनलोडच्या फोल्डरचा असतो. पण तेवढं नीट पाहतो कोण? आपण पासवर्ड टाकतो आणि तो भलत्याच्या हाती जातो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, पण दोन्ही मेल सारखेच होते की. उलट कवितेचाच जास्त संशय यायला हवा होता. त्यात तर काहीच लिहिलेलं नव्हतं.”

या पुस्तिकेची सुरुवात त्या वाक्यापासून झाली. दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर पाच सूचना लिहून कम्प्युटरशेजारच्या भिंतीवर चिकटवल्या. दिवाळीपर्यंत पाचाच्या सतरा झाल्या, एका कागदाचे तीन झाले आणि वरच्या मजल्यावरच्या पतसंस्थेतली माणसं त्यांची झेरॉक्स मागायला येऊ लागली. सूचना पाठ होतात. पण त्या कशासाठी आहेत हे कळलेलं नसलं, तर जरा वेगळा प्रसंग आला की त्या उपयोगाला येत नाहीत. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवते आहे. सूचना पुढच्या पानांत आहेतच. त्यांच्या मागचा विचार इथं मांडते.

सरकारी पत्राच्या तळाशी, सहीच्या डाव्या अंगाला, दोन शब्द असतात : ‘सोबत : वरीलप्रमाणे’. माझे वडील जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर होते. टपाल फोडलं की ते आधी पत्र वाचत, मग पत्रात म्हटलेली सहपत्रं एकेक मोजत आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीनं बारीक टिक करत. एखादं कमी भरलं तर पत्रावरच शेरा पडे : ‘सहपत्र क्र. ३ आढळून आले नाही.’ जास्त भरलं तरी शेरा पडे. जास्तीचा कागद कुणी आणि कशासाठी घातला हे कळेपर्यंत ते त्याला टॅग लावत नसत. लहानपणी मला हा सगळा काथ्याकूट वाटायचा. आता वाटतं, ‘वरीलप्रमाणे’ या एका शब्दात फार शहाणपण होतं. खाली जे जोडलं आहे त्याची ओळख वरच्या पत्रानं करून दिलेली असे. पत्र हे जोडलेल्या कागदाचं जामीनदार होतं.

ईमेलमध्ये हा जामीनदार गळून पडला. कसा, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

अटॅचमेंट ईमेलबरोबर जन्मलेली नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पहिला संदेश धाडला आणि पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह आणलं, तेव्हा मेल म्हणजे निव्वळ मजकूर होता. मेल पोचवण्याचे नियम १९८२मध्ये ठरले, त्यांतही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढंच धरलेलं होतं आणि एक ओळ हजार अक्षरांच्या पुढे जायची नाही, अशी अट होती. फोटो आणि आवाज राहूच द्या, आपला ‘अ’सुद्धा त्या वाटेनं जाऊ शकत नव्हता. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी त्यावर ‘माइम’ नावाची तोड काढली. वाट तीच ठेवायची, सामानाला वाटेजोगा वेष चढवायचा. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या मेलला चार हौशी गायकांचा फोटो आणि त्यांचं गाणं जोडलेलं होतं. चौघांतले एक ते स्वतः. चित्रं मेलनं पाठवायची कशाला, असं लोक विचारत. त्यावर ते सांगत, पुढे मला नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला मेलनं यायला हवेत.

हा वेष डोळ्यांनी बघता येतो. जीमेलमध्ये एखाद्या मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजिनल’ निवडा. मजकुराच्या खाली अर्थहीन इंग्रजी अक्षरांची भिंतच्या भिंत दिसेल. तीच तुमची अटॅचमेंट. फाइलचे तीन-तीन बाइट घेऊन त्यांची चार-चार साधी अक्षरं केलेली असतात. कवितेची असो, बिलाची असो की लग्नपत्रिकेची, पीडीएफ असली की ही भिंत जे, व्ही, बी, ई, आर या अक्षरांनीच सुरू होते. तिनाची चार झाल्यामुळे फाइल प्रवासात तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच फुगते. काही मेलसेवांची २५ एमबीची मर्यादा या फुगलेल्या आकाराला लागू होते, तिथे १८-१९ एमबीची फाइलच काठाला टेकते. ‘फाइल तर लहान होती, मग परत का आली?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण या तोडीबरोबर एक गोष्ट नकळत घडली. लखोट्यात घातलेलं सहपत्र पत्राशी टाचणीनं बांधलेलं असे. माइमनं अटॅचमेंट पत्राच्या शेजारी ठेवली, पत्र कोरं असलं तरी ती जाते. तिची ओळख सांगायला उरलं एक, तिचं नाव. आणि नाव कुणीही काहीही ठेवू शकतो.

यातून काय होऊ शकतं हे जगाला फार लवकर कळलं. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ पसरू लागली. वर्डच्या फाइलीत लपवलेला तो एक मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या पोटातला छोटा प्रोग्राम होता. फाइल उघडली की आउटलुकच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर आपली प्रत धाडायची, एवढं त्याचं काम. मेलमधला मजकूर असा, की तू मागितलेला कागद हा घे आणि कुणाला दाखवू नकोस. पुढच्या वर्षी ४ मे रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघालं. फाइलचं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू’, त्यापुढे ‘डॉट टीएक्सटी’ आणि त्याच्याही पुढे ‘डॉट व्हीबीएस’. विंडोज नावाचं शेवटचं शेपूट झाकून ठेवतं, त्यामुळे लोकांना दिसली ती साध्या मजकुराची फाइल. क्लिक केल्यावर चालू झाला तो प्रोग्राम. त्यानं लोकांचे फोटो पुसले आणि वहीतल्या एकूणएक पत्त्यावर स्वतःला पाठवून दिलं. ब्रिटिश संसदेला आपली मेलव्यवस्था बंद करावी लागली. ज्या तरुणानं हे केलं त्याच्यावर खटला उभा राहिला नाही, कारण त्याच्या देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता. पाव शतक लोटलं तरी विंडोज ते शेपूट आपण होऊन दाखवत नाही. ते दिसू लागावं म्हणून कुठे खूण करायची हे पहिल्याच प्रकरणात दिलं आहे. बाकी काही केलं नाहीत तरी तेवढं आजच करा.

तिसरं उदाहरण आरएसए या कंपनीचं. इतर कंपन्यांना लॉगिन सुरक्षित ठेवण्याची साधनं विकणारी ही कंपनी. मार्च २०११मध्ये तिथल्या काही कर्मचाऱ्यांना ‘२०११ रिक्रूटमेंट प्लॅन’ नावाची एक्सेल फाइल आली. मेलच्या गाळणीनं आपलं काम चोख केलं होतं, मेल ‘जंक’मध्ये टाकला होता. एका कर्मचाऱ्यानं तो तिथून उचलून उघडला आणि कंपनीची गुपितं त्या फाइलीवाटे बाहेर गेली.

या तिन्ही मेलमधली पत्रं एका ओळीत ठेवून पाहा. ‘तू मागितलेला कागद’. कुठला, ते नाही. ‘सोबतचं प्रेमपत्र बघ’. एकाएकी का, ते नाही. ‘ही फाइल नजरेखालून घाला’. कशासाठी, ते नाही. खोटं बोलणाऱ्याला तपशील परवडत नाही, कारण प्रत्येक तपशील तपासता येतो. म्हणून तो मोघम लिहितो. पण आपण सज्जन माणसं तरी काय वेगळं लिहितो? ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ची ‘पीएफए’ ही तीन अक्षरं. ‘सोबत पाहावे.’ किंवा काहीच नाही. आमच्या कार्यालयातल्या त्या पोराला दोन मेल सारखे दिसले, यात त्याचा दोष नव्हता. कवितेच्या मेलनं स्वतःची ओळख दिली असती, तर बिलाच्या मेलचा मोघमपणा आपोआप डोळ्यांत भरला असता. आपला आळस हा चोराचा आडोसा आहे. या पुस्तिकेत सुरक्षितपणा आणि नेटकेपणा अशी दोन वेगळी प्रकरणं पाडलेली नाहीत, त्याचं कारण हे. पाठवणाऱ्याचा नेटकेपणा हाच घेणाऱ्याचा बचाव असतो.

इथं एक रास्त शंका येते. चोरानंच चांगलं पत्र लिहिलं तर? लिहितोच. पूर्वी मोडक्या भाषेवरून तो ओळखू यायचा. आता त्याला शुद्ध मराठीसुद्धा यंत्राकडून लिहून मिळते. आणि कधी कधी पत्र खरंच ओळखीच्या मेलमधून येतं. एकदा आम्हाला कागद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं बिल आलं. आमच्याच जुन्या मेलच्या उत्तरात, त्यांच्या नेहमीच्या पत्त्यावरून, नेहमीच्या भाषेत. रिमांची संख्या बरोबर, दर बरोबर, जीएसटी बरोबर. बदललेला होता फक्त बँकेचा खाते क्रमांक. त्यांच्या मेलमध्ये कुणी तरी आठवडाभर बसून सगळा पत्रव्यवहार वाचत होतं. आम्ही वाचलो ते आमच्या हिशेब बघणाऱ्या बाईंच्या सवयीमुळे. खाते क्रमांक वेगळा दिसला की त्या फोन उचलतात आणि बिलावर छापलेल्या नंबरावर न करता आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर करतात.

कागद वाटेत बदलतो, ही अक्कल मराठीला नवी नाही. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा हुकूम होता आणि त्यात ‘ध’चा ‘मा’ झाला, ही १७७३मधल्या खुनाची आख्यायिका इतिहासकार मानोत वा न मानोत, भाषेनं ती वाक्प्रचार करून ठेवली. जुन्या दरबारी पत्रांच्या शेवटी मजकूर संपला त्याच जागी ‘मोर्तब सुद’चा शिक्का उमटवत, पुढे कुणाला अक्षर घुसडता येऊ नये म्हणून. आज पीडीएफला लोक तो शिक्का समजतात. ‘पीडीएफ आहे ना, मग बदलता येणार नाही’ हा गैरसमज मी वकिलांच्या तोंडूनही ऐकला आहे. पीडीएफ सहज बदलता येते. त्यावर डिजिटल सही असेल आणि ती तपासलेली असेल, तरच मोर्तबाचं काम होतं. म्हणून पैशांचा प्रश्न असेल तिथे नियम एकच : फाइलीत आलेल्या आकड्याची खात्री फाइलीबाहेरच्या वाटेनं करायची. जामीनदार आहे एवढं पुरत नाही, तो ओळखीचाच आहे ना, हेही बघायचं. एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवा, ताबडतोब. तक्रारीला जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

घातक फाइलींची यादी पुस्तिकेत आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. मायक्रोसॉफ्टनं २०२२मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा चोरांनी एचटीएमएल, आयएसओ, वननोट अशा दुसऱ्या वाटा धरल्या. आता मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल येते. वेष बदलत राहतील. एक खूण मात्र सांगून ठेवते. कुलूपबंद झिप आली आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये असला, तर सावध व्हा. त्या कुलपानं गुपित राखलं जात नाही. आत काय आहे हे व्हायरस तपासणाऱ्या यंत्राला बघता येऊ नये, एवढंच त्यानं साधतं.

आता दुसरी बाजू. आपण जे पाठवतो त्यातून काय काय जातं, याचा आपल्याला पत्ता नसतो. एक प्रयोग करून पाहा. वर्डच्या एखाद्या फाइलीची प्रत काढा, नावाच्या शेवटचं ‘डॉक्स’ पुसून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत फोल्डर निघतील. एकात मजकूर, ‘मीडिया’ नावाच्यात चित्रं. फोटोची जी कड तुम्ही कापली असं समजत होता, तीही बहुधा तिथे असते. ‘डॉकप्रॉप्स’मध्ये फाइल कुणी तयार केली आणि शेवटची कुणी सेव्ह केली, त्यांची नावं. ‘ट्रॅक चेंजेस’ चालू राहिलं असेल तर खोडलेली वाक्यं जशीच्या तशी. आम्ही एका कथास्पर्धेत परीक्षकाचं नाव गुप्त ठेवून त्यांचा अभिप्राय लेखकाला पाठवला. नाव फाइलीच्या पोटात होतं. लेखकानं दोन मिनिटांत शोधलं आणि परीक्षकांनाच फोन केला. चूक सर्वस्वी आमची.

मोठ्यांचंही असंच होतं. फेब्रुवारी २००३मध्ये ब्रिटिश सरकारनं इराकविषयीचा एक दस्तऐवज वर्डच्या फाइलीत प्रसिद्ध केला. फाइलीत शेवटच्या दहा फेरफारांची नोंद तशीच राहिली होती आणि कुणाकुणाचे हात त्यावरून फिरले हे जगानं वाचलं. जानेवारी २०१९मध्ये अमेरिकेत राजकीय सल्लागार पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये काही ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. त्या ओळी कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केल्या की मजकूर उघडा. आधारचा नंबर काळ्या चौकोनानं झाकून फाइल पाठवणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे ध्यानात ठेवावं. झाकणं वेगळं, पुसणं वेगळं.

आधारची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानाबद्दलही बोलू. काउंटरवर काचेखाली दुकानाचा मेल पत्ता चिकटवलेला असतो. आपण मोबाइलवरून आधार, पॅन, मार्कलिस्ट, जमिनीचा सातबारा त्यावर पाठवतो, दहा रुपयांची प्रिंट घेतो आणि घरी जातो. फाइल कुठे जाते? ती दुकानाच्या मेलमध्ये राहते, दुकानाच्या डाउनलोडमध्ये राहते आणि आपल्या ‘सेंट’मध्येही राहते. दुकानदार सज्जन असेल, पण त्या कम्प्युटरवर दिवसाला शंभर माणसांचे कागद येतात आणि पासवर्ड सगळ्या पोरांना ठाऊक असतो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा; पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. तुम्हाला ओळखणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. म्हणून जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार द्या आणि प्रिंट निघाली की समोर उभं राहून म्हणा, “दादा, तेवढी फाइल डिलीट करा.” कुणी रागावत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

नेटकेपणाच्या बाबतीत मराठी माणसाची एक खास अडचण आहे, तिच्यावर पुस्तिकेत सर्वांत मोठं प्रकरण आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी नसतंच. तिच्यात इंग्रजी अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला मुखवट्यामागचं दिसतं : कंस, टक्के, उद्गारचिन्हं, उलटसुलट अक्षरं. लेखक शपथेवर सांगतात की फाइल उघडते आहे. त्यांच्याकडे ती उघडतेच. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो जगात कुठल्याही यंत्रावर ‘क’च राहतो. जुनी फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली तरी काम संपत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘ऱ’ हमखास मोडतो, जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. अशा लेखाचं मुद्रितशोधन म्हणजे नव्यानं टाइप करण्याइतकंच काम. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये, वर्डच्या फाइलीत पाठवावा आणि पान कसं दिसायला हवं हे दाखवायला जोडीला पीडीएफ. एक फाइल काम करण्यासाठी, एक पाहण्यासाठी.

फोटोंचंही थोडं असंच आहे. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. सहा इंच रुंदीच्या चित्राला अठराशे. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो, वर्डमध्ये चिकटवलेलाही आकसतो. म्हणून फोटो सुटा, मूळ आकारात, अटॅचमेंट म्हणून द्यावा. मात्र मूळ फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. डिसेंबर २०१२मध्ये फरारी असलेले अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॲफी यांचा ठावठिकाणा एका नियतकालिकानं संकेतस्थळावर टाकलेल्या फोटोतल्या याच नोंदीवरून फुटला होता. घरचा, मुलांचा फोटो पाठवण्याआधी ती नोंद कशी काढायची, तेही दिलं आहे.

फाइलीचं नाव हे तिचं अर्धं पत्र. ‘लेख फायनल’, ‘लेख फायनल नवीन’, ‘लेख फायनल नवीन २’ या घराण्यातल्या फायलींनी आमच्या एका अंकात चुकीचा मसुदा छापून आणला आहे. लेखकाचं नाव, विषय आणि तारीख एवढं पुरे. तारखेत आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपोआप क्रमानं लागतात. फाइल मोठी असेल किंवा अनेकांनी मिळून तीवर काम करायचं असेल, तर अटॅचमेंटऐवजी लिंक द्या. दहा जणांना अटॅचमेंट धाडली की दहा प्रती होतात आणि त्यांतली एकही परत बोलावता येत नाही. लिंक आपण उद्या बंद करू शकतो. पण ‘ज्याच्याकडे लिंक त्याला प्रवेश’ अशी सोडलेली लिंक म्हणजे किल्ली दारालाच लटकवून ठेवलेली. कुणाला दाखवायची त्यांचे पत्ते घाला.

आणि एक साधी सवय, जिच्यामुळे माझे कितीतरी अपमान टळले. आधी फाइल जोडायची, मग ती जोडलेल्या जागीच एकदा उघडून बघायची, मग पत्र लिहायचं आणि पत्ता सगळ्यांत शेवटी घालायचा. पत्ता नसलेला मेल चुकून जाऊ शकत नाही.

या पुस्तिकेत काय नाही, तेही सांगायला हवं. व्हायरस कसे लिहिले जातात, कूटलेखनाचं गणित काय, मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर कसे राखावेत, यातलं काही इथं सापडणार नाही. ही शाळेच्या कार्यालयात, पतसंस्थेत, सोसायटीच्या टेबलावर, छापखान्यात बसणाऱ्यांसाठी आहे; आणि परदेशातल्या मुलाला घराचं मुखत्यारपत्र स्कॅन करून पाठवणाऱ्या आईबापांसाठीही. पहिल्या भागात आलेली फाइल, दुसऱ्यात जाणारी फाइल, तिसऱ्यात चूक झालीच तर पहिल्या तासात काय करायचं. कुठूनही वाचा. तिसरा भाग मात्र गरज पडण्याआधी वाचून ठेवा.

ज्यांच्या चुकांतून ही पुस्तिका तयार झाली त्यांचे आभार मानायचे, तर यादी माझ्याच नावापासून सुरू करावी लागेल. हिशेब बघणाऱ्या बाईंनी जुनी वही अजून टाकलेली नाही, त्यांची मी ऋणी आहे. आणि ‘दोन्ही मेल सारखेच होते की’ असं तोंडावर सांगणाऱ्या त्या पोराचीही.

त्या कवितेच्या गृहस्थांना मी नंतर फोन केला होता. काका, मेलमध्ये नाव-गाव, चार ओळी लिहीत जा, असं मी सांगू लागले. बोलता बोलता कळलं, की ते तेहेतीस वर्षं एका शाळेत लेखनिक होते. मला मध्येच थांबवून ते म्हणाले, “म्हणजे हे पत्रच आहे म्हणा की, ताई! मला वाटलं, नुसतं ढकलून द्यायचं असतं.”

आठवड्यानं त्यांचा दुसरा मेल आला. विषय होता. ‘मा. संपादक’ होतं. दुसरी कविता पाठवत आहे, अठरा ओळींची आहे, पहिल्या कवितेच्या चौथ्या ओळीत एक काना राहिला होता तो घ्यावा, असा तीन ओळींचा मजकूर होता. खाली नाव, गाव, फोन. आणि त्याच्याही खाली, डाव्या अंगाला :

सोबत : वरीलप्रमाणे.